थंडीत ट्रक का उठत नाही? आणि इंजिनला ‘काम’ केलेलं असेल तर आणखीच का नाही?

जानेवारी आला की निफाडला पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याचे फोटो येतात, आणि त्याच आठवड्यात लडाख नाहीतर मनालीकडचा एखादा व्हिडिओ हमखास मोबाईलवर फिरतो, ज्यात ट्रकच्या टाकीखाली कुणीतरी जाळ करून बसलंय आणि केबिनमधला माणूस बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारतोय. बघणारे हसतात. मी कॅनडात अल्बर्टामध्ये राहतो, इथे उणे तीसची लाट दर हिवाळ्यात एकदा तरी येतेच, त्यामुळे मला फारसं हसू येत नाही.

इथे एक गोष्ट मात्र वारंवार दिसते. जुना, कंपनीतून आला तसाच ठेवलेला पिकअप कुरकुरत का होईना पण चालू होतो, आणि ज्या पिकअपच्या इंजिनवर मालकाने हौसेने भरपूर पैसे घातलेत, मोठी नोझल, वाढवलेलं टायमिंग, नवे पिस्टन, तोच पार्किंगमध्ये मख्खासारखा उभा राहतो. मालक म्हणतो, अहो ऑगस्टमध्ये अर्ध्या सेल्फला उचलायचा हा. खरंच उचलायचा, त्यात खोटं काही नाही.

उदाहरणासाठी मी एकच इंजिन धरतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. १९९४ ते ९८ मधल्या डॉज राम पिकअपमध्ये येणारं कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलेंडरचं, बारा व्हॉल्व्हचं डिझेल इंजिन. अमेरिका-कॅनडात मॉडिफाय करणाऱ्यांचं हे लाडकं इंजिन. आणि आपल्याला ते परकंही नाही, टाटाच्या कितीतरी ट्रकमध्ये जमशेदपूरला बनलेली याच घराण्यातली ५.९ लिटरची इंजिनं धावली आहेत.

डिझेल इंजिनला ठिणगी नसते

सगळं इथून सुरू होतं. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनात ठिणगी नाही, पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तेच, फक्त कितीतरी पटीने जास्त. हवा किती पट दाबली जाते त्या आकड्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात, आपल्या या इंजिनात तो साधारण साडेसतरा आहे.

आता थोडा हिशेब. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल तर साडेसतरा पट दाबल्यावर हवा कागदावर साडेपाचशे अंशांच्या आसपास जाते. बाहेर उणे २५ असेल तर तोच हिशेब चारशेवर येतो. बाहेर फरक ५५ अंशांचा आणि आत दीडशेचा! कारण दाबल्यावर तापमान बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं, त्यामुळे सुरुवातीला जे कमी पडलं ते शेवटी अनेक पटींनी कमी पडतं.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात गारठलेली सिलेंडरची भिंत त्या हवेतली उष्णता खेचून घेते, पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून थोडी हवा खाली निसटते, आणि सेल्फ जितका हळू फिरेल तितका या दोन्ही गोष्टींना जास्त वेळ मिळतो. आता कुणी म्हणेल की डिझेल तर सव्वादोनशे-अडीचशे अंशांना आपोआप पेटतं, मग चारशे पुरे की. पण तो आकडा निवांत वेळ दिल्यावरचा आहे. इंजिनात फवाऱ्याला वाफ व्हायला आणि पेटायला मिळून सेकंदाचे एक-दोन शतांश मिळतात, तेवढ्यात काम उरकायचं तर हवा बरीच जास्त गरम लागते.

उंचावर हे आणखी बिघडतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो, म्हणजे सिलेंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरते आणि जी काही उष्णता तयार होते ती भिंतीला देऊन उरते किती हा प्रश्नच आहे.

कंपनीने सोडलेली जागा आपण कुठे कुठे खातो

इंजिन बनवणारा माणूस वेडा नसतो. त्याला माहीत असतं की हा ट्रक कधीतरी उणे पंचवीसमध्ये रात्रभर उभा राहणार आहे, म्हणून तो कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझलची भोकं, हीटर, बॅटरी सगळ्यांत थोडी थोडी जागा सोडून ठेवतो. मॉडिफाय करताना आपण ही जागाच पॉवरसाठी वापरतो. उन्हाळ्यात ती लागत नाही म्हणून कळत नाही.

कॉम्प्रेशन घ्या. मोठा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून सिलेंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा) लावून जबरदस्त बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, द्यायचा तर हेड उचललं जाऊ नये म्हणून लोक पिस्टनची वाटी मोठी करून नाहीतर जाड गॅसकेट टाकून रेशो पंधरापर्यंत आणतात. उणे पंचवीसच्या त्याच हिशेबात याने आणखी पस्तीसएक अंश जातात. मोठ्या टर्बोला मात्र उगाच दोष देऊ नका, सेल्फवर इंजिन फिरत असताना कुठलाच टर्बो काही करत नसतो, लहान काय आणि मोठा काय.

टायमिंग हा माझ्या मते सगळ्यांत मोठा गुन्हेगार, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं. टायमिंग म्हणजे पिस्टन अगदी वर पोचायच्या किती आधी डिझेल सोडायला सुरुवात करायची, क्रँकच्या अंशांत. या इंजिनाच्या बॉश पी-७१०० पंपात ते एकदा बसवलं की बसवलं, वेगाप्रमाणे आपोआप पुढेमागे होत नाही. कंपनी ते १२ ते १४ अंशांच्या आसपास ठेवते. जास्त आरपीएमवर पॉवर हवी म्हणून लोक ते १८, २०, कधी त्याहून पुढे नेतात, कारण इंजिन जोरात फिरत असताना डिझेलला जळायला वेळ कमी मिळतो, लवकर सोडलेलं बरं. पण सेल्फवर इंजिन रांगत असतं! १३ अंशांवरून २० वर नेलंत तर डिझेल सुटतं त्या क्षणी हवा साडेतेराऐवजी साडेदहा पटच दाबली गेलेली असते, म्हणजे उणे २५ मध्ये कागदावर पन्नासएक अंशांनी कमी गरम. पंधराच्या पिस्टनपेक्षाही जास्त नुकसान. वर तो फवारा वाफ होताना तीच हवा आणखी गार करतो, बाकीचा पिस्टनवर आणि भिंतीवर जाऊन चिकटतो.

नोझल म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी तोटी. तिचं असं की कंपनीच्या नोझलची बारीक भोकं कमी वेगातही डिझेलचं धुकं करतात. मोठ्या भोकांची नोझल फुल लोडवर भरपूर डिझेल ओततात, पण सेल्फच्या वेगाला पंपाचा जोर कमी, भोक मोठं, मग धुक्याऐवजी थेंब पडतात. थेंब गार हवेत पेटत नाहीत. त्यात नोझल वापरून वापरून ढिली झाली असेल, म्हणजे सुमारे अडीचशे बारला उघडायची ती दोनशेलाच उघडत असेल, तर आनंदच.

आणि हीटर. या इंजिनाला प्रत्येक सिलेंडरचा वेगळा हीटर प्लग नसतो. त्याऐवजी हवा आत जाते त्या तोंडाशी दोन मोठ्या जाळ्या असतात, ग्रिड हीटर, दोन्ही मिळून दोनशे अँपियरच्या जवळपास खातात. आत येणारी हवा साधारण १५ अंशांच्या खाली असली की चावी फिरवल्यावर त्या लाल होतात आणि हवा तापवून आत सोडतात. मॉडिफाय करणारे ‘हवेला अडथळा होतो’ म्हणून पहिल्यांदा हेच काढून फेकतात. याच्याच पुढच्या ६.७ लिटरच्या इंजिनात ग्रिड हीटरचा बोल्ट जळून सिलेंडरमध्ये पडल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे तिथे भीतीला कारण आहे. बारा व्हॉल्व्हवाल्याने तीच गोष्ट ऐकून स्वतःचा चांगला हीटर काढणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

यातली कुठलीही एक गोष्ट केली तरी ट्रक बहुतेक चालू होईल. चारही केल्यात तर उणे दहालाही नाटकं करेल.

आधी सायलेन्सर बघा, मग पाना उचला

आता मुद्द्याचं. ट्रक उठत नाही म्हटल्यावर लोक थेट पार्ट बदलायला सुरुवात करतात, आधी बॅटरी, मग फिल्टर, मग नोझल, आणि महिन्याचा पगार संपतो. त्यापेक्षा एका माणसाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी बघा.

सेल्फच हळू, दमल्यासारखा फिरतोय? तर भानगड विजेची किंवा ऑइलची. सेल्फ तरतरीत फिरतोय पण धूर काहीच नाही? तर डिझेल पोचतच नाहीये, मग कॉम्प्रेशन कितीही असो. सेल्फ छान आणि पांढरा धूर भकाभका येतोय, डोळ्यांना झोंबतोय? तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये, उष्णता कमी पडतेय. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. (वास गोडसर असेल आणि कुलंट कमी होत असेल तर प्रकरण वेगळं, गॅसकेट बघा.)

एवढ्यावरून निम्मं काम होतं. मॉडिफाय केलेल्या इंजिनात हे जास्तच कामाचं, कारण मालकाला वाटत असतं की आपण केलेल्या कामामुळेच झालंय, आणि कित्येकदा निघते गंजलेली केबल.

सेल्फ हळू फिरतोय

बॅटरी रासायनिक वस्तू आहे, थंडीत तिचं रसायन आळसावतं. उणे १८ ला चांगली चार्ज असलेली बॅटरीसुद्धा उन्हाळ्यातल्या ताकदीच्या साधारण ४० टक्केच देऊ शकते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला दुपटीहून जास्त ताकद लागते. बॅटरीवर सीसीए म्हणून आकडा छापलेला असतो तो याच उणे १८ चा आहे, ती ३० सेकंद किती अँपियर देईल आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जाणार नाही, ते. राममध्ये दोन बॅटऱ्या असतात, त्यातली एक मेली की ती दुसरीलाही घेऊन बुडते, म्हणून तपासताना दोन्ही सोडवून वेगवेगळ्या तपासा.

मग मीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर तेवढे व्होल्ट केबलमध्ये जळतायत. तसंच मायनसच्या बाजूला, बॅटरीपासून इंजिनच्या अंगापर्यंत, कारण इंजिन बाहेर काढून परत बसवताना अर्थिंगची पट्टी रंगावर नाहीतर गंजावर बसवणं ही मॉडिफायवाल्या गाड्यांची खास खोड. केबल ठीक असेल आणि सेल्फ नुसतं ‘टक्’ करून थांबत असेल तर या सेल्फच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्लेले असतात, ते किरकोळ किमतीत मिळतात, अख्खा सेल्फ बदलायची गरज नसते.

ऑइलचं लोक ऐकत नाहीत. आपल्याकडे ट्रकला १५डब्ल्यू-४० हे जवळजवळ धर्मासारखं आहे, आणि महाराष्ट्रात ते बरोबरच आहे. पण त्यातल्या ‘१५डब्ल्यू’चा अर्थच असा की ते सेल्फला फिरवता येईल इतपत पातळ राहिल्याची चाचणी उणे २० ला होते. ५डब्ल्यू-४०ची चाचणी उणे ३० ला होते. गरम झाल्यावर दोन्ही ४०च, त्यामुळे ‘पातळ ऑइलने बेअरिंग जातील’ ही भीती इथे लागू नाही. उणे २५ मध्ये १५डब्ल्यू टाकून सेल्फला शिव्या देण्यात अर्थ नाही. सेल्फवर दीडशेच्या आसपास आरपीएम मिळाले तर इंजिनला संधी आहे, शंभराच्या खाली गेलं की बॅटरी वाचवा आणि घरच्या प्लगवर चालणारा ब्लॉक हीटर लावा (त्याबद्दल पुढे).

धूरच नाही: डिझेल पोचत नाहीये

डिझेलमध्ये मेण असतं. खोबरेल तेलाची बाटली हिवाळ्यात आधी धुरकट होते, मग खाली गोळा बसतो, मग उलटी केली तरी थेंब पडत नाही, डिझेलचं अगदी तसंच, फक्त तापमान वेगळं. आणि पूर्ण गोठायच्या कितीतरी आधी, नुसतं धुरकट झाल्यावरच, मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसून तो बुजवतात. म्हणून ट्रक कधी कधी टाकीत डिझेल पातळ दिसत असतानाही बंद पडतो. फिल्टर कुठल्या तापमानाला बुजायला लागतो त्याला सीएफपीपी म्हणतात, आणि भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १४६०, साध्या डिझेलसाठी ती मर्यादा हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. नाशिकहून भरलेल्या टाकीवर वर पहाडात जाऊन मुक्काम करणाऱ्यांनी हा आकडा डोक्यात ठेवावा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीतून. इथे कॅनडात पंपावरचं डिझेल ऋतूप्रमाणे बदलतं, पण शेतातल्या टाकीत सप्टेंबरचं डिझेल पडून असेल तर ते सप्टेंबरचंच.

फिल्टर काढून बघा. आत मेणचट चिखल असेल तर डिझेल गोठलंय, कडक चकती असेल तर पाणी गोठलंय, पाणी काढायचा नळ कित्येक महिन्यांत कुणी उघडलेला नसतो.

फिल्टर स्वच्छ निघाला तर एअरचा संशय घ्या. डिझेल लाइनला बारीकशी चीर असेल तर त्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरून जातं आणि सकाळी पंप नुसती हवा चावत बसतो. थंडीत रबर आणि ओ-रिंग आकसतात म्हणून उन्हाळ्यात जेमतेम धरलेला जोड हिवाळ्यात सुटतो. याची परीक्षा फुकटात होते. सकाळी सेल्फ मारायच्या आधी डिझेलचा हॅन्ड पंप दाबून दाबून कडक करा आणि मग चालू करा. रोज रडणारा ट्रक आज पटकन उठला? मग एअर घेतोय, नक्की. या इंजिनात फीड पंपाजवळचा (टाकीतून डिझेल ओढतो तो पंप) डिझेल हीटर, त्याच्या शेजारचे रबरी पाइप, आणि मोठा फीड पंप बसवताना कापून जोडलेल्या लाइनी ही पहिली बघायची ठिकाणं. परतीच्या लाइनला तात्पुरता पारदर्शक पाइप लावलात तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

आणि एक गंमत. पंपाच्या बाजूला डिझेल बंद-चालू करणारा एक दांडा असतो, तो वर खेचायला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक. बॅटरी अशक्त असली की सेल्फ फिरतो पण सोलेनॉइडला दांडा उचलवत नाही. बॉनेट उघडून बघा, दांडा खालीच असेल तर हाताने वर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. चालू झाला तर पंप, नोझल, पिस्टन सगळे निर्दोष सुटले!

पांढरा धूर येतोय पण पकडत नाही

आता खरोखर मॉडिफायवर संशय घ्यायची वेळ आली. आधी हीटर असेल तर तो चालतोय का ते बघा: चावी दिल्यावर व्होल्टचा काटा चांगला खाली यायला हवा, आणि चालू झाल्यावर काही वेळ हेडलाइट मंद-तेज मंद-तेज होतात, तो हीटर चालू-बंद होतोय. यातलं काहीच होत नसेल तर रिले आणि त्यांच्या तारा तपासा, आणि हीटर काढलेलाच असेल तर परत बसवा. पॉवर किती कमी झाली ते मला नंतर सांगा.

मग ब्लॉक हीटर. इंजिनच्या कुलंटमध्ये बुडालेला ७५० वॉटचा एक कॉइल, घरातल्या प्लगला लावायचा, म्हणून इथल्या पार्किंगमध्ये खांबांवर प्लग असतात आणि नवीन आलेल्या आपल्या लोकांना वाटतं सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत. तीनचार तास लावला तरी भिंती कोमट होतात. तो जळालाय का हे बघायला प्लगच्या दोन पिनांमध्ये मीटरने रेझिस्टन्स मोजा, इथल्या १२० व्होल्टच्या हीटरला १९ ओहमच्या आसपास यायला हवा. अनंत दाखवलं तर गेलाय, किंवा वायर तुटलीय.

ब्लॉक हीटर लावून ट्रक मजेत उठत असेल आणि न लावता अजिबात नाही, तर इंजिन धड आहे, फक्त उष्णतेची जागा खाऊन झालीय. तेव्हा टायमिंग मागे घ्या. २० वरून १५-१६ वर आणलंत तर वरच्या आरपीएमची थोडी मजा जाईल आणि बरीचशी थंडी सोसेल, आणि पिस्टन बदलण्याच्या मानाने हे काम स्वस्त आहे. मात्र हौशी माणसाने अंदाजाने करायचं हे काम नाही, गिअर पंपाच्या निमुळत्या शाफ्टवरून पुलरने सोडवावा लागतो आणि डायल गेज लावून बसवावा लागतो. बसवताना शाफ्टला ऑइलचा ओशट हात लागलेला राहिला तर गिअर पुढे कधीतरी सरकतो. म्हणूनच, गेल्या हिवाळ्यापर्यंत ठीक असलेला ट्रक यंदा अचानक पांढरा धूर ओकायला लागला, पॉवरही गेली, तर आधी टायमिंग सरकलंय का ते मोजून घ्या.

टायमिंग बरोबर निघालं तर मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग सगळ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजणं, मग नोझल टेस्ट बेंचवर. याच क्रमाने, कारण याच क्रमाने खर्च वाढत जातो. कॉम्प्रेशनमध्ये मला एकूण आकड्यापेक्षा सहांची बरोबरी महत्त्वाची वाटते, पाच सारखे आणि एक खाली म्हणजे त्या एकात रिंग किंवा व्हॉल्व्ह. सहाही सारखेच खाली असतील तर तो तुमचा पिस्टनचा निर्णय आहे, दुरुस्तीचा विषय नाही.

‘पण आमचं कॉमन रेल आहे, सगळं कॉम्प्युटर बघतो’

बघतो, आणि म्हणूनच अडतं. कॉमन रेल म्हणजे सगळ्या नोझलना मिळून एक जाड नळी, तिच्यात डिझेल प्रचंड दाबाखाली भरून ठेवलेलं, आणि कॉम्प्युटर म्हणेल तेव्हा नोझल उघडतं. तो दाब ठरावीक आकड्यापर्यंत चढल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. मोठी किंवा झिजलेली नोझल परतीच्या लाइनला जास्त डिझेल सोडतात, सेल्फच्या हळू वेगाला दाब चढत नाही, आणि सेल्फ फिरतोय, धूर नाही, अशी अवस्था. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेलचा दाब बघा आणि प्रत्येक नोझलची परती वेगवेगळी मोजा. दुसरं म्हणजे, रीमॅप करणाऱ्याने (पॉवरसाठी कॉम्प्युटरची फाइल बदलणाऱ्याने) गरम इंजिनाच्या पॉवरवर मेहनत घेतलेली असते, गार इंजिनाच्या टायमिंगच्या तक्त्यांना एकतर हात लावलेला नसतो किंवा लावून वाट लावलेली असते. जुनी फाइल परत टाकून एक रात्र बाहेर ठेवून बघा, वाद मिटतो. (आणि भारतात कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे हौशी मंडळींनी विसरू नये.)

‘रॉकेल टाकलं की भागतं की!’

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत पहाडी ड्रायव्हर वर्षानुवर्षं हे करत आलेत आणि ते मूर्ख नव्हते, रॉकेलमध्ये मेण कमी असतं, मिश्रण उशिरा गोठतं. पण रॉकेलला डिझेलएवढा ओशटपणा नसतो आणि पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, कॉमन रेलचा पंप तर यात लवकर खरवडतो आणि त्याचा चुरा सगळ्या नोझलमध्ये जातो. पेट्रोल तर चुकूनही नको, ते डिझेल इंजिनात नीट पेटत नाही आणि टाकीत भडक्याचा धोका. गोठण रोखणारं ॲडिटिव्ह वापरायचं तर डिझेल धुरकट होण्याआधी टाकायचं, एकदा मेण बसल्यावर बहुतेक बाटल्या काही करत नाहीत, तेव्हा गाडी गरम जागेत ओढणं हाच उपाय.

‘ईथरचा फवारा मारू का?’

ग्रिड हीटर असलेल्या इंजिनात नको. ईथर, म्हणजे इंजिन उठवायला हवेच्या वाटेत फवारतात ते पटकन पेटणारं द्रव, डिझेलपेक्षा कितीतरी आधी पेटायला तयार असतं आणि तुम्ही ते लाल झालेल्या जाळीवर सोडताय, हवा आत नेणारा मॅनिफोल्डच फुटू शकतो, तुमचा चेहरा त्याच्याजवळ असतो. हीटर नसला तरी ईथर पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकतं, टायमिंग वगैरे त्याला कळत नाही, रिंगा आणि पिस्टनच्या कडा तुटतात. टाकीखालचा जाळ तसलाच प्रकार. गरम पाण्यात भिजवलेली पोती फिल्टरवर आणि लाइनवर टाकणं कंटाळवाणं आहे, पण त्यात कुणी भाजत नाही.

चालू झाल्यावर

पहिली काही मिनिटं एक-दोन सिलेंडर पेटत नसतात, इंजिन हिंदकळतं, पांढरा धूर येतो, हे या दिवसांत चालायचंच. लगेच रेस देऊ नका, टर्बोपर्यंत ऑइल पोचायचंय. पण तासभर हळू आयडलवर ठेवून घरात चहा पीत बसणंही बरं नाही, उणे वीसमध्ये लोड नसलेलं डिझेल इंजिन आयडलवर तापत नाही, कमी कॉम्प्रेशनचं तर नाहीच, न जळलेलं डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरत राहतं. ऑइल प्रेशरचा काटा स्थिर झाला की हजार-बाराशे आरपीएमवर थोडा वेळ धरा आणि हळूहळू गाडी काढा, लोड पडला की तापतं. हिवाळाभर असं चालवलंत तर डिपस्टिक अधूनमधून हुंगत जा. डिझेलचा वास येत असेल किंवा ऑइल आपोआप वाढलेलं दिसत असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता ऑइल बदला.